धर्माचा अभ्यास म्हणजे काय?

गेल्या पावसाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीस भेट देण्याकरितां आम्ही गेलों होतों. उपासना आटोपल्यावर तेथील वृद्ध उपदेशक आमच्याजवळ येऊन बसले व म्हणाले, "पाळकसाहेब, माझा नातू शहरांतल्या कॉलेजांत शिकतो. तेथें धर्म हासुद्धां एक विषय म्हणून शिकवितात, असें तो सांगतो. गणिताचा अभ्यास मला कळतो, शेतकीचा कळतो. पण धर्माचा अभ्यास ही काय वस्तु आहे? धर्म पाळावयाचा, कीं त्याच्या परीक्षेस बसावयाचें?" थोडें थांबून त्यांनीं हळूच आणखी विचारलें, "आणि तो अभ्यास करून पोराचा विश्वास राहील ना?"

ह्या दोन प्रश्नांपैकीं पहिला बुद्धीचा आहे, दुसरा अंतःकरणाचा; आणि आम्हांस वाटतें कीं, दुसऱ्याची भीति मनांत असल्यामुळेंच पुष्कळ घरांत पहिला विचारलाच जात नाहीं. ज्यांचीं मुलें शिकून पुढें जात आहेत अशा आईबापांना, आणि ज्यांस दर रविवारीं मंडळीपुढें उभें राहावें लागतें अशा उपदेशक बंधूंना हा प्रश्न आज ना उद्यां गांठणारच. म्हणून त्याचा थोडा शांतपणें विचार करूं.

प्रथम शब्दच पाहूं. आपल्या मराठींत 'धर्म' ह्या शब्दाचें पोट फार मोठें आहे. भिकारी दारीं येऊन 'धर्म करा' म्हणतो, तेव्हां त्याचा अर्थ दान. शेजारच्या घरीं आजार आला असतां आपण रात्रभर जागतों तो शेजारधर्म. तेथें त्याचा अर्थ कर्तव्य. शाळेच्या पुस्तकांत धातूंचे गुणधर्म दिलेले असतात. तेथें त्याचा अर्थ स्वभाव. आणि शिरगणतीचा माणूस 'तुमचा धर्म कोणता?' असें विचारतो, तेव्हां आपण कोणत्या समाजांत मोडतों एवढेंच तो विचारीत असतो. पाश्चात्य भाषांत धर्माला जो शब्द आहे तो मूळचा लॅटिन. रोमी पंडित सिसरो यानें त्याची व्युत्पत्ति 'पुन्हा पुन्हा लक्षपूर्वक वाचणें' अशा अर्थाच्या धातूपासून लाविली. पुढें लॅक्टॅन्शियस नांवाच्या ख्रिस्ती लेखकानें ती 'बांधणें' अशा अर्थाच्या धातूपासून लाविली. कारण धर्म मनुष्यास देवाशीं बांधतो. खरी कोणती, हा वाद पंडितांकडे सोपवूं. आपल्याला दोन्ही उपयोगी आहेत. धर्मांत वाचून पारखण्याचें कांहीं आहे, आणि स्वतःस बांधून घेण्याचेंही कांहीं आहे.

ह्याच कारणानें धर्माचा अभ्यास दोन रीतींनीं होतो. शब्बाथशाळेंत मूल प्रार्थना करावयास शिकतें. ही एक रीत. निरनिराळे लोक प्रार्थना कां करतात, कशी करतात, कालांतरानें तिचें रूप कसें बदललें, हें कॉलेजांत शिकवितात. ही दुसरी रीत. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमाप्रमाणें केवळ सरकारी पैशांवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेंत धर्मशिक्षण देतां येत नाहीं. परंतु १९६४ ते १९६६ ह्या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगानें हा भेद उघड करून दाखविला कीं, धर्माचें शिक्षण निराळें आणि धर्मांविषयींचें शिक्षण निराळें. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही, धर्मांविषयीं शिकविणें घटनेच्या विरुद्ध नाहीं, असा निर्णय दिला. तेव्हां नातवाच्या कॉलेजांत जें चाललें आहे तें शब्बाथशाळेशीं वैर करण्याकरितां चाललेलें नाहीं. तें काम वेगळें आहे.

हें वेगळेपण गांवच्या विहिरीवरून ध्यानांत येईल. सरकारी माणूस येतो, विहिरीची खोली मोजतो, झरे कोणत्या बाजूचे तें पाहतो, आणि पाणी बाटलींत भरून तपासावयास नेतो. त्याच विहिरीवर एक बाई घागर घेऊन येते. मोजणारास तहान नसली तरी त्याचें काम अडत नाहीं. पण त्याच्या वहींतल्या आंकड्यांनीं बाईच्या लेंकराचा घसा ओला होत नाहीं. येथवर आपण सर्व जण बाईच्या बाजूचे. परंतु पुढें पाहा. पाण्यांत कांहीं दोष शिरला, तर तो पिणारीस चवीवरून कळेलच असें नाहीं. तें घरोघर मुलें आजारी पडल्यावर कळतें. मोजणारास तें आधीं कळतें. म्हणून शहाणा गांव त्याला हाकून देत नाहीं, आणि त्याची वही पिऊन तहान भागेल असेंही मानीत नाहीं.

आतां धर्माचा इतर विषयांशीं संबंध काय, तें पाहूं. पहिला सोबती भाषा. पवित्र शास्त्र आपल्या हातीं आलें तें भाषापंडितांच्या श्रमानें. श्रीरामपूर येथील विल्यम केरी यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें, आणि मराठी नवा करार १८११ सालीं निघाला. त्याच मनुष्यानें वनस्पतिशास्त्राचा व्यासंग केला व १८२० सालीं शेती आणि बागाईत यांच्या सुधारणेसाठीं संस्था काढिली. धर्मसेवक म्हणून त्याला त्यांत कमीपणा वाटला नाहीं. पंडिता रमाबाई संस्कृतांत निष्णात होत्या. तरी उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सबंध पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं त्या वारल्या व १९२४ सालीं तें प्रसिद्ध झालें. इतका खटाटोप कां? एकच शब्द घेऊन पाहा. हिब्रू व ग्रीक भाषांत वारा, श्वास आणि आत्मा या तिहींना एकच शब्द चालतो. निकदेमाशीं बोलतां बोलतां प्रभूनें वाऱ्याची गोष्ट कां काढिली, हें ही गोष्ट ठाऊक असली म्हणजे एकदम उमगतें. नसली तर उपदेशकास उगीच कल्पना लढवावी लागते.

दुसरा सोबती इतिहास. हिज्कीया राजानें पाट काढून नगरांत पाणी आणल्याची हकीकत राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत आहे. १८८० सालीं यरुशलेमेंतील शिलोह तळ्याकडे येणाऱ्या भुयारांत एका शाळकरी मुलास भिंतीवर कोरलेला लेख सांपडला. खडक दोन्ही बाजूंनीं फोडीत आणलेल्या दोन टोळ्यांना शेवटीं एकमेकांचे आवाज ऐकूं आले व भुयार जुळलें, असें त्यांत सांगितलें आहे. तें भुयार सुमारें ५३३ मीटर लांब आहे. विहीर खणलेल्या आपल्या वाचकांना त्या मजुरांचा आनंद निराळा सांगावयास नको. इतिहास आपल्याला असें साहाय्य करतो. परंतु हिज्कीयाची प्रार्थना देवानें ऐकिली कीं नाहीं, हें कोणत्याही कुदळीला सांगतां यावयाचें नाहीं. तें इतिहासाकडून वदवूं पाहणें हा इतिहासावर जुलूम होय.

तिसरा सोबती सृष्टिशास्त्र. ह्याच्याशीं धर्माचें भांडण झालें आहे, तें लपविण्यांत अर्थ नाहीं. पृथ्वी फिरते असें प्रतिपादन केल्याबद्दल गॅलिलिओला रोम येथील धर्मन्यायालयानें १६३३ सालीं दोषी ठरविलें. ती चूक झाली असें पोपनीं १९९२ सालीं जाहीरपणें मानिलें. आपण प्रोटेस्टंट लोकांनीं ह्यावर हंसूं नये. ल्यूथरचा सहकारी मेलांख्तन यानेंही शास्त्रवचनें पुढें करून त्या मताला विरोध केला होता. दोघांचीही चूक एकच. जो प्रश्न दुर्बिणीला विचारावयाचा तो त्यांनीं वचनाला विचारला. पाऊस कां पडतो हें भूगोल सांगतो, आणि चांगलें सांगतो. पाऊस न पडल्यावर घरांत उरलेलें मापभर धान्य शेजारच्या विधवेशीं वांटून घ्यावें कीं नाहीं, हें भूगोल सांगत नाहीं. प्रत्येक विषयाला त्याचाच प्रश्न विचारावा.

चौथा सोबती समाजशास्त्र; आणि हा सोबती आपल्याला नावडता, कारण तो आपल्याच घराकडे बोट करतो. फ्रान्सांतील पंडित द्युर्केम यानें १९१२ सालच्या आपल्या ग्रंथांत असें दाखविण्याचा यत्न केला कीं, धर्म माणसांना एका समाजांत बांधतो. हें सर्वस्वीं खरें असो वा नसो, आपल्या मंडळ्यांना तें लावून पाहण्यासारखें आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९३५ सालीं येवलें येथें धर्म बदलण्याचा निश्चय जाहीर केला आणि १९५६ सालीं नागपूर येथें बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. मध्यें एकवीस वर्षें गेलीं. धर्म माणसाला माणसाशीं कसें वागवावयास लावतो, ही कसोटी त्यांनीं धर्मांना लाविली. त्यांनीं आपला मार्ग पत्करला नाहीं. म्हणून रागावण्यापेक्षां आपण स्वतःस विचारावें: आपल्या मंडळींत सोयरीक जुळवितांना जुनी जात अजून विचारली जाते कीं नाहीं? प्रभूच्या मेजाशीं येतांना कोण कोणाच्या मागें बसतो? हे प्रश्न विचारावयास समाजशास्त्राची पदवी नको; परंतु समाजशास्त्रानें ते विचारले तर त्याला धर्माचा वैरी म्हणूं नये. ह्याच विहिरीच्या पाण्याची ती तपासणी आहे.

ह्याला लागूनच शेजाऱ्यांच्या धर्माची गोष्ट. मॅक्स म्युलर यांनीं १८७० सालीं लंडन येथें धर्मांच्या शास्त्रावर व्याख्यानें दिलीं, त्यांत त्यांचें सांगणें असें होतें कीं, ज्याला एकच धर्म ठाऊक तो त्या एकालाही नीट ओळखीत नाहीं. हें फार ताणूं नये. आमच्या आईनें दुसरा धर्म कधीं अभ्यासिला नाहीं, तरी ती आपल्या प्रभूला ओळखीत होती. परंतु जो उपदेशक बाजारांत उभा राहून वारकऱ्याविषयीं किंवा मुसलमानाविषयीं बोलतो, त्यानें तरी बोलण्यापूर्वीं शिकावें. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा त्याच्या धर्मालाही लागू आहे. आपण केलेलें वर्णन ऐकून शेजारी 'होय, हेंच मी मानतों' असें म्हणेल, इतकें तें खरें असावें. त्यांची वाईट चाल आणि आपलें उत्तम वचन तराजूंत घालणें हा खोटा तराजू होय.

आतां उपदेशकांचा दुसरा प्रश्न: विश्वास राहील ना? ह्याचें उत्तर देतांना आम्हांला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. पाळकपणाच्या पहिल्या वर्षांत शब्बाथशाळेंतील चौदा वर्षांच्या एका मुलानें आम्हांस विचारलें, "मत्तय म्हणतो प्रभूनें डोंगरावर शिकविलें, लूक म्हणतो सपाट जागीं, खरें कोणतें?" सेमिनरींत ह्या प्रश्नाचा आम्हीं अभ्यास केला होता. प्रत्येक शुभवर्तमानकारानें प्रभूच्या शिकवणीची मांडणी आपापल्या हेतूप्रमाणें केली आहे, हें आम्हांस सांगतां आलें असतें. परंतु वर्गांत वडील माणसें बसलीं होतीं, व आमच्या मनांत भीति शिरली. 'शंका काढणें हें विश्वासणाऱ्याचें काम नव्हे,' असें बोलून आम्हीं त्याला खालीं बसविलें. पुढील काहीं रविवार तो आला, मग येईनासा झाला. पुष्कळ वर्षांनीं एस.टी.च्या थांब्यावर तो भेटला. त्यानें अदबीनें नमस्कार केला आणि म्हणाला, "साहेब, तेव्हां 'मला ठाऊक नाहीं' असें म्हणालां असतां तरी चाललें असतें. पण विचारणेंच पाप, असें मला वाटलें." गाडी आली व तो चढून गेला. त्याचा विश्वास अभ्यासानें गेला नाहीं. तो आमच्या भीतीनें गेला.

बिरुयांतील लोकांनीं पौलाचें बोलणें ऐकिलें आणि तें तसेंच आहे कीं काय हें दररोज शास्त्र उघडून पडताळून पाहिलें. त्यांची निंदा नव्हे, स्तुति केली आहे. पौलाची पारख करणें जर थोरपणाचें, तर आमच्यासारख्याची पारख एखाद्या पोरानें केली तर बिघडलें काय?

तथापि एक भेद शेवटपर्यंत उरतोच, आणि तो नातवालाही कळला पाहिजे. गणितांत विद्यार्थी उदाहरण सोडवितो. उदाहरण विद्यार्थ्याला सोडवीत नाहीं. धर्माच्या अभ्यासांत मात्र उलट प्रश्न येतो. याकोबाच्या विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईनें प्रभूला अगदीं अभ्यासाचा प्रश्न विचारला होता: भजन ह्या डोंगरावर करावें, कीं यरुशलेमेंत? प्रभूनें तिचा प्रश्न हंसण्यावारी नेला नाहीं. त्याचें नीट उत्तर दिलें. परंतु त्याच संभाषणांत तिचें स्वतःचें आयुष्य तिच्यापुढें उभें राहिलें. परीक्षेचा कागद लिहून दिल्यावरही जो प्रश्न पाठ सोडीत नाहीं तो धर्माचा प्रश्न. त्याला सामोरें न जातां कोणी सर्व धर्मांचे ग्रंथ वाचले, तर तो विहीर मोजून तहानलेलाच परत गेला.

त्या वृद्ध उपदेशकांना आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, नातू सुटीला घरीं येईल तेव्हां त्याला उपदेश करण्याआधीं 'काय शिकलास तें मला सांग' असें म्हणा, आणि जें आपणांस ठाऊक नसेल तें ठाऊक नाहीं म्हणा. मग दोघें मिळून प्रार्थना करा. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "पुढल्या रविवारपासून उपासनेनंतर अर्धा तास पोरांच्या प्रश्नांसाठीं ठेवतों. उत्तर आलें नाहीं तर तुम्हांला पत्र घालीन." आतांपर्यंत त्यांचीं तीन पत्रें आलीं आहेत. त्यांतील दोन प्रश्नांचीं उत्तरें आम्हीं धाडलीं. तिसऱ्यासाठीं आम्ही अजून वाचीत आहों.