हरलेल्या बैलाचं काय?

शंकरपटात निकाल घड्याळ देतं. एक बैलजोडी, मागे हलकी छकडी, तिच्यावर कसाबसा तोल सांभाळणारा धुरकरी आणि सरळ आखलेली धावपट्टी. पळ काही सेकंदांचा असतो. पूर्वी हातातल्या स्टॉपवॉचवर भागायचं, आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक टायमर आलेत आणि पहिला-दुसरा नंबर सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरतो. लाऊडस्पीकरवर आकडा पुकारला की शिट्ट्या, गुलाल आणि मोबाईल वर. मग पुढची जोडी.

मी केदारखेड्याचा. जालना-भोकरदन रस्त्यावरचं, पूर्णा नदीच्या काठचं हे गाव. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे या खेळाची दोन-तीन रूपं मला जवळून दिसतात. पुण्याकडे त्याला बैलगाडा शर्यत म्हणतात आणि ती घाटात होते. साताऱ्या-सांगलीकडे छकडे पळतात. आमच्या जालना-बुलढाण्यापासून पार विदर्भापर्यंत तो शंकरपट. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट तर नावाजलेला आहे. नावं आणि नियम वेगळे, पण मूळ साचा एकच: गावची यात्रा, लोकवर्गणी, यात्रा कमिटी आणि बैल. यातून कुणी नफा कमवायचा नसतो. उरलेले पैसे देवळाला, नाहीतर पुढच्या वर्षीला.

गेल्या काही वर्षांत हा खेळ झपाट्यानं वाढला. वाढीआधी तो बंद होता. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तामिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतींवरही बंदी घातली. बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, घोड्यासारखा पळण्यासाठी त्याचं शरीर बनलेलं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. शेपटी पिरगाळणं, चावणं, टोचणं असे प्रकार त्यापुढे मांडले गेले होते. महाराष्ट्र विधिमंडळानं 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तामिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. हा खेळ संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवण्याची जागा विधिमंडळ आहे, असंही त्या पीठानं म्हटलं.

परवानगी मिळाल्यावर बांध फुटला. मे 2022 मध्ये पिंपरी-चिंचवडजवळच्या चिखलीत जी शर्यत झाली तिचं पहिलं बक्षीस होतं जेसीबी. नंतर थार आली. बकासूर, मथूर ही बैलांची नावं आता रीलमुळे घरोघरी पोचली आहेत. त्यांचे फॅन क्लब आहेत, वाढदिवसाचे केक आहेत. हे सगळं मी नाक मुरडून सांगत नाही. ज्या पोरांना शेतीत काही राहिलं नाही असं वाटत होतं, ती पहाटे उठून गोऱ्ह्याला फिरवून आणतात, त्याला न्हाऊ घालतात, हे मला चांगलंच वाटतं.

या विषयावर वाद मात्र नेहमी एकाच जागी अडकतो. एक बाजू म्हणते, बैलाला त्रास होतो. दुसरी म्हणते, आम्ही त्याला पोटच्या पोरासारखं जपतो, आमच्या आधी तो जेवतो. दोन्ही बाजू खरं बोलत असतात. चाबूक, टोचणी, विजेचा झटका यांचा वापर झालेला आहे, म्हणून तर नियमांत त्यांना बंदी करावी लागली. आणि बैलाला सरकी पेंड, दूध, अंडी चारणारे, त्याच्या अंगावर माशी बसू न देणारे मालकही मी पाहिलेत. पण दोघंही ज्या बैलाबद्दल बोलतात तो धावपट्टीवरचा बैल असतो. पळ संपल्यावर तो कुठे जातो, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही. माझ्या मते या खेळाचा नैतिक निवाडा तिथेच आहे.

थोडं मागे जाऊन बघू. नांगर, वखर, पाभर, मोट, बैलगाडी हे सगळं बैलावर चालत होतं तेव्हा बैलाची परीक्षा वर्षभर असायची. त्यात पहिला नंबर नव्हता. एखाद्याचा बैल दांडगा, एखाद्याचा मवाळ, एखादा जरा आळशी. पण खांदा देणाऱ्या प्रत्येक बैलाला कुठल्या ना कुठल्या गोठ्यात जागा होती, कारण कामाला असामान्य बैल लागत नव्हता, ठीकठाक बैल पुरत होता. पोळ्यालाही हेच दिसतं. तोरणाखाली मानाची जोडी पुढे असते, हे खरं. पण खांदेमळणी सगळ्यांची होते, पुरणपोळीचा घास सगळ्यांना मिळतो.

मग ट्रॅक्टर आला. त्यानं बैलाचे कष्ट कमी केले आणि त्याच फटक्यात बैलाची गरजही. 2012 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात गाय-बैल मिळून सुमारे 1 कोटी 54 लाख होते. 2019 मध्ये ते सुमारे 1 कोटी 39 लाखांवर आले. शर्यतवाले म्हणतात की बंदीमुळे बैल संपले. मला ते पूर्ण पटत नाही. यांत्रिकीकरण, तुकड्या-तुकड्यांत वाटली गेलेली जमीन, चाऱ्याचा भाव, दुष्काळ, ही कारणं बंदीच्या कितीतरी आधीची आहेत. पण त्यांच्या म्हणण्यात एक गाभा आहे: कामच उरलं नसेल तर बैल कशासाठी सांभाळायचा? शर्यत हे त्या प्रश्नाचं एक उत्तर आहे. जातिवंत खिल्लार सांभाळायला तिनं पुन्हा कारण दिलं, हे मान्य करायला हवं.

पण या उत्तराची किंमत बघा. बैलाचं असण्याचं कारण नांगरावरून घड्याळावर गेलं. नांगराला ठीकठाक बैल चालत होता, घड्याळाला तो चालत नाही. शंभर जोड्या धावल्या तर पाच-दहा जोड्यांना बक्षीस. उरलेल्या नव्वद जोड्यांनी काही चूक केलेली नसते. त्या सेकंदाच्या काही भागानं मागे राहिल्या इतकंच. आणि बक्षीस जितकं मोठं तितकी जिंकणाऱ्या बैलाची बोली चढते. तशी ती हरणाऱ्यावर खर्च झालेल्या पेंडीचा हिशोब टोचू लागते. ज्या कंपन्यांत दरवर्षी कर्मचाऱ्यांची उतरंड लावून तळाचे काही जण काढले जातात, तिथे काम केलेल्या कुणालाही हे गणित नवं नाही. फरक इतकाच की आपण निदान रिझ्युमे पाठवू शकतो.

म्हणून ‘पोटच्या पोरासारखं’ हा शब्द मी जरा जपून घेतो. पोर नापास झालं म्हणून कुणी ते बाजारात नेत नाही. प्रेम आहे की नाही हे जिंकणाऱ्या बैलाकडे बघून कळत नाही, त्याच्यावर सगळ्यांचंच प्रेम असतं. ते कळतं चार वर्षं पळून पाय अधू झालेल्या, नाहीतर कधीच नंबरात न आलेल्या बैलाकडे बघून.

कायद्यानं इथे एक विचित्र परिस्थिती तयार केली आहे. मार्च 2015 पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. बैलाला मारू नये असं समाजानं ठरवलं असेल, तर त्याला जगवायचा खर्चही समाजाचा, असा त्याचा सरळ अर्थ निघायला हवा. प्रत्यक्षात तो खर्च त्या दोन-तीन एकरवाल्यावर राहतो ज्याच्या दावणीला बैल आहे. आमच्या जिल्ह्यानं 2012-13 चा दुष्काळ पाहिलाय. पाणी टँकरनं येत होतं, आणि कडब्याची पेंढी सोन्याच्या भावानं. अशा वर्षी म्हाताऱ्या बैलाला सांभाळा असं पुण्यातून सांगणं सोपं आहे. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

याच प्रश्नाला जगात दुसरीकडे काय उत्तर दिलं जातं हे शोधताना मला अमेरिकेतल्या मुलांच्या पशुप्रदर्शनांबद्दल वाचायला मिळालं. तिथे फोर-एच नावाची चळवळ आहे, तिची सुरुवात 1902 मध्ये ओहायो राज्यात झाली असं मानतात. मुलं वासरू, मेंढी, डुक्कर, शेळी पाळतात. वजन, खाणं, खर्च यांची वही ठेवतात आणि जत्रेत प्रदर्शनाला आणतात. ह्यूस्टनसारख्या शहरात 1932 साली सुरू झालेलं पशुप्रदर्शन आणि रोडिओ आज प्रचंड वाढलंय. संस्था ना-नफा तत्त्वावर चालते आणि तिच्याकडून मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात. पण अनेक ठिकाणी प्रदर्शनाचा शेवट लिलावात आणि मग कत्तलखान्यात होतो, आणि मुलाला ते पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

2022 मध्ये कॅलिफोर्नियात एका नऊ वर्षांच्या मुलीनं ऐनवेळी आपली शेळी द्यायला नकार दिला. घरच्यांनी पैसे भरून द्यायची तयारी दाखवली. जत्रेच्या व्यवस्थापनानं नियमावर बोट ठेवलं, पोलीस शेकडो मैल गाडी चालवून ती शेळी घेऊन आले, आणि ती कापली गेली. पुढे खटला झाला आणि 2024 मध्ये 3 लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या मुलीचा हट्ट मला समजतो. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही: शेवट लपवलेला नाही. जनावराचं पुढे काय होणार हे कागदावर लिहिलेलं असतं, म्हणून तर त्यावर भांडता आलं. आपल्याकडे शेवट कुठेच लिहिलेला नसतो. बैल एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जातो, व्यापारी बदलतो आणि मग तो कुणाच्याच आठवणीत नसतो.

यावर प्राणीमित्र म्हणतील, मग खेळच बंद करा. बैलानं पळायला संमती दिलेली नाही. बरोबर आहे. पण त्यानं नांगराला तरी कुठे दिली होती? आणि गायीनं आपल्या चहातल्या दुधाला? गोऱ्हा दूध देत नाही म्हणून नकोसा होतो, ही आपल्या डेअरीचीच दुसरी बाजू आहे. संमती हा निकष लावायचा तर तो सगळ्यांना लावावा लागेल. तसं प्रामाणिकपणे जगणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण उद्या शर्यत थांबली म्हणून खिल्लार रानात मोकळा फिरणार नाही. तो जन्मालाच येणार नाही. माणसानं शेकडो वर्षं निवडून-निवडून घडवलेला हा प्राणी आहे, आणि घडवणाऱ्यावर जबाबदारी येते.

ती जबाबदारी उचलायला सगळ्यात योग्य जागा म्हणजे यात्रा कमिटी. सरकारी नियम दिवसापुरते असतात: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाचा दाखला, अंतराची मर्यादा, चाबूकबंदी. ते हवेतच. पण शर्यतीनंतरचे तीनशे चौसष्ट दिवस त्या नियमांत येत नाहीत. कमिटी मात्र गावाची असते, दरवर्षी तीच माणसं, तेच मालक. शिवाय वर्गणी सगळ्यांची असते, म्हणजे प्रश्न विचारायचा हक्कही सगळ्यांचा.

करायचं काय? जनावरांच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो, लसीकरणाच्या नोंदी त्यावर होतात. नाव नोंदवताना एवढंच विचारा: गेल्या वर्षी तुम्ही पळवलेली जोडी कुठे आहे? विकली असेल तर कुणाला? उत्तर वहीत लिहा आणि ती वही मंडपात ठेवा. दंड नको, कोर्ट नको. गावात चार लोकांसमोर उत्तर द्यावं लागणं याचा धाक छोटा नसतो. पहिल्या बक्षिसाची रक्कम थोडी कमी करून एक चाराकोठार उभं करा, थकलेल्या बैलांसाठी. आणि शंकरपटाच्या आदल्या दिवशी मुलांचं पशुप्रदर्शन भरवा. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत लाल कंधारी, देवणी जनावरांचं प्रदर्शन होतं, तेव्हा ही कल्पना परकी नाही. शाळेतल्या पोरांनी आपला गोऱ्हा, कालवड, नाहीतर घरचा म्हातारा बैल घेऊन यावं. लाळ्या-खुरकूतची लस कधी दिली, लम्पीच्या साथीत काय काळजी घेतली, खुरं कशी आहेत, खांदा सुजलाय का, हे त्यांनी परीक्षकाला सांगावं. विदर्भात तान्हा पोळ्याला मुलं लाकडी बैल सजवून मिरवतात. त्यांच्या हातात एक दिवस खरी वेसण द्यायला काय हरकत आहे?

असं प्रदर्शन घड्याळावर चालत नाही. त्यात मधला बैलही नंबरात येऊ शकतो, फक्त त्याला नीट सांभाळलेलं असलं पाहिजे. लहानपणी ज्यानं अशा बैलासाठी टाळ्या ऐकल्या, तो मोठा होऊन जोडी घेईल तेव्हा हरल्यावर तिचं काय करायचं याचा थोडा वेगळा विचार करेल, अशी माझी आशा आहे. खात्री नाही.

लोक म्हणतील, इतक्या अटी घातल्या तर जोड्या शेजारच्या गावच्या पटाला जातील, जिथे बक्षीस मोठं आणि प्रश्न कमी. जातील काही. तेव्हा गावाला ठरवावं लागेल की आपला शंकरपट मोठा झाला हे कशावरून म्हणायचं, बक्षिसाच्या आकड्यावरून की वहीतल्या किती बैलांचा पत्ता लागतो यावरून. या वर्षी यात्रेची वर्गणी मागायला कुणी आलं, तर पैसे देताना गेल्या वर्षी शेवटी आलेली जोडी कुठे आहे एवढं विचारा.