देहावाचून ओंजळ

पितृपक्षातली चतुर्दशी पंचांगात शस्त्राने किंवा अपघाताने गेलेल्यांसाठी राखलेली असते. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजांवर मेलेले खलाशी या तिथीत बसतात का? रत्नागिरीकडून मुंबईत येऊन इंग्रज कंपन्यांच्या आगबोटींवर चढलेली ही माणसं. त्यांच्यातले आगवाले पाण्याच्या पातळीखाली, भट्टीच्या तोंडाशी कोळसा ओढत. पाणबुडीचा टॉर्पेडो तिथे लागला, की लोखंडी शिडीपर्यंत पोचायलाही उसंत मिळत नसे. स्वतःच्या हाती शस्त्र नाही, मरण मात्र शस्त्राने. देह समुद्रात, तिथीचाही पत्ता नाही. अविभाजित भारतातल्या अशा नाविकांची सुमारे साडेसहा हजार नावं स्मारकाच्या नोंदवहीत आहेत. ती वही मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशीगृहात असते. या नाविकांतले थोडे नौदलातले, बाकी सगळे व्यापारी जहाजांवरचे. ज्याची रक्षा नाही की कबर नाही, त्याचं स्मरण या वहीत पुरं होतं का, की त्याचं अजून काही देणं उरतं?

देह नसेल तर संस्कार कसला, हा पहिला आक्षेप. धर्मशास्त्राने तो फार पूर्वी विचारात घेतला. पालाशविधीत पळसाची पानं अवयवागणिक मोजून, दर्भाने बांधून माणसाची आकृती करतात आणि तिला अग्नी देतात. हा खोटेपणा आहे, असं कुणी म्हणेल. पण त्या पळसाने मृताला फसवलं जात नाही. घरच्यांची वाट पाहणं तिथे थांबतं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहा, असं शास्त्र सांगतं. 1872 च्या पुरावा कायद्याने ती मुदत सात वर्षांवर आणली. मुदती वेगळ्या, पण कुंकू पुसावं की ठेवावं या पेचात बाईला जन्मभर अडकवू नये, हे दोघांनाही कळलं होतं. कोकणी मुसलमान शाफई परंपरेचे. त्यांच्यात समोर मय्यत नसताना जनाज्याची नमाज पढता येते. हनफी परंपरा ती मानत नाही, म्हणजे देहाचा आग्रह तिथे खरोखर आहे. पण दुआ तीही अडवत नाही, आणि बुडून मेलेल्याला हदीस शहीदांतच मोजते. लातूर जिल्ह्याला हे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीच्या परिसरात सामुदायिक चिता पेटल्या, कुणाची राख कुठली हे निवडता येण्यासारखं नव्हतं. श्राद्ध मात्र ज्याच्या त्याच्या नावानेच घातलं जातं.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. हे लोक पगारासाठी गेले, तेही साम्राज्याच्या युद्धात. त्यांना हुतात्मा का म्हणावं? म्हणू नये. श्राद्धाला हौतात्म्य लागतच नाही. पितरांच्या हेतूंची चौकशी करून कुणी पिंड ठेवत नाही. ऋण मोजलं जातं ते आपल्यापर्यंत काय पोचलं यावर, आणि या माणसांनी धान्य, तेल, कापड, औषधं वाहून नेली. गोऱ्या खलाशांच्या मानाने फारच कमी पगारात वाहिली, म्हणून माझ्या मते हे ऋण हलकं होत नाही, उलट वाढतं.

मग या खलाशांशी मराठवाड्याचा काय संबंध? समुद्र नाही, बंदर नाही, तेव्हा तर राज्यही निजामाचं. पण तर्पण नात्यागोत्यापाशी थांबत नाही. आपल्या पितरांना पाणी दिल्यावर ज्यांना कुणी नाही, त्यांच्यासाठीही ओंजळ सोडायची असते. परका त्या विधीत आधीपासूनच आहे. आणि पाण्यालाही भूगोल असतो. लातूरची मांजरा गोदावरीला मिळते, नांदेडचा गोवर्धन घाट मागे टाकून गोदावरी पूर्वेला जाते आणि काकिनाड्याच्या आसपास बंगालच्या उपसागरात शिरते. 6 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी त्याच काकिनाड्यावर बॉम्ब टाकले. त्या दिवसांत जपानी आरमाराने या उपसागरात सुमारे वीस व्यापारी जहाजं बुडवली. चतुर्दशीला घाटावर सोडलेलं तिळाचं पाणी वाहत जातं ते तिकडेच.