थांबा कुणाचा?

आमच्या चोपड्याला आगगाडी कधीच नव्हती. शापोरा नदी, पलीकडे शिवोली आणि मधली फेरीबोट, एवढेच दळणवळण. पेडणे महालात रेल्वे आली ती कोकण रेल्वेबरोबर. तरीही गेले काही दिवस दूधसागरचा थांबा मनातून जात नाही.

मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग १८८८ साली पुरा झाला. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाचे ते अपत्य. कुळे सुटले की घाट. चढ असा की जादा इंजिन जोडावे लागते. त्या रानात वस्ती नाममात्र. तेव्हा थांबा माणसांपेक्षा इंजिनाच्या सोयीचाच असणार. १९५५ च्या नाकेबंदीत सीमेपारची वाहतूक बंद पडली, मुक्तीनंतर सुरू झाली. पुढे मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले. आज गाडी तेथे तांत्रिक कारणाने थांबते, पण उतरायला मनाई. जुलै २०२३ मध्ये तिकडे निघालेल्या पर्यटकांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. (आम्हा मास्तरांनी सोडलेली शिक्षा कुणी तरी उचलली म्हणायची!)

ही मनाई मला न्याय्य वाटते. तिच्यामागे जिवाची काळजी आहे. पण ‘माणसे थोडी, म्हणून थांबा बंद’ हा युक्तिवाद निराळा. त्यात माझा हक्क शेजाऱ्यांच्या संख्येवर ठरतो. यावर कुणी म्हणेल, पाच जणांसाठी आठशेंनी पाच-पाच मिनिटे का घालवावी? प्रश्न खोटा नाही. मात्र त्या मिनिटांची बेरीज फक्त कागदावर होते. ती सगळी एका माणसाच्या वाट्याला कधीच येत नाही. ज्याचा थांबा जातो, त्याचा अख्खा दिवस जातो.

मग काहीच बंद करू नये काय? तसेही नाही. पूल झाला आणि आमची फेरीबोट थांबली. त्याबद्दल कुणी रडले नाही, कारण आधी पूल झाला. धक्क्यावर चालत येऊन पार होणाऱ्या म्हातारीला आता बसची वाट पाहावी लागते, हे मात्र कुठल्याच हिशेबात आले नाही.

सध्या माझ्या टेबलावर एक कागद आहे. जवळच्या वाड्यावरच्या प्राथमिक शाळेत मुले सात. ती दुसऱ्या शाळेत विलीन करावी काय, यावर मत मागितले आहे. मी शेरा लिहिला: बालरथ कुठल्या वळणावर, किती वाजता थांबेल, हे आधी लेखी कळवावे. मत त्यानंतर देईन.