सारवलेली भिंत आणि अपरिग्रह

जे घर एक दिवस पडणार, त्याची भिंत दर वर्षी सजवावी का, हा गृहस्थधर्मातला जुना प्रश्न आहे. देहच नाशवंत, मग त्या देहाला निवारा देणारी माती किती टिकणार? तरीही सण जवळ आला की भिंत पोतारली जाते, उंबऱ्याला गेरू लागतो, तुळशीच्या ओट्यावर चुन्याचा हात फिरतो. ही घराविषयीची आसक्ती की घरातून केलेली उपासना? परंपरेत याची उत्तरे आहेत, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांचा विचार करण्याआधी हे काम हाताने कसे होते ते पाहावे लागते, कारण प्रश्नाचा मोठा भाग तिथेच सुटतो.

गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे धानपट्ट्यातले गाव. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात पावसाळा जोराचा असतो आणि मातीच्या भिंतीला तो सोडत नाही. जूनपूर्वी छपराची कवेलू फेरली, तरी श्रावण-भाद्रपदात भिंतीचा पायथा ओला होतो, पोपडे सुटतात, कोपरे झिजतात. त्यामुळे दिवाळीपूर्वीची डागडुजी ही आधी गरज असते आणि मग सजावट. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, दंडारीचे लोकनाट्य होते, लेकी-जावई आणि सोयरे मुक्कामाला येतात. पाहुणा दारात यायच्या आत भिंत धड झाली पाहिजे, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो.

पडलेला पोपडा भरायला मातीत धानाचा कोंडा किंवा बारीक केलेली तणस मिसळतात. कोंड्याने माती धरून राहते, वाळताना कमी तडकते. भेगा बुजल्या की पांढरी छुई माती पाण्यात भिजवून, खडे काढून, जुन्या सुती कापडाच्या बोळ्याने भिंतीवर ओढतात. ओली असताना ती मळकट दिसते आणि उन्हात वाळता वाळता पांढरी होत जाते, म्हणून पहिला हात फिरवणाऱ्याला काम बिघडल्यासारखे वाटते. जमिनीला शेण आणि माती. तळहात जमिनीला टेकवून अर्धवर्तुळे ओढायची, प्रत्येक नवे वर्तुळ आधीच्याच्या कडेवर थोडे चढवायचे आणि आतल्या भिंतीपासून मागे सरकत दाराशी यायचे. सारवणारी बाई शेवटी उंबऱ्याबाहेर असते आणि ओलेपणा जाईपर्यंत तिला स्वतःच्याच घरात पाऊल टाकता येत नाही. चुना लावायचा तर कळीचा चुना पाण्यात घातला की उकळ्या फुटतात. रात्रभर ठेवून, कापडातून गाळून, चिमूटभर नीळ आणि थोडा डिंक घालून तो दोन पातळ हातांत लावतात. तो डोळ्यांत उडू नये याची काळजी घ्यावी लागते. भिंतीवर बसलेला चुना हवेतला कर्बवायू घेऊन हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, म्हणजे ज्या दगडातून तो निघाला त्याच रूपात परततो. या साऱ्यात विकत घ्यावा लागतो तो चुना, गेरू आणि नीळ. बाकीचे गोठ्यात, शेतात आणि खळ्यावर असते.

आता विरुद्ध बाजू. विदर्भाच्या भूमीत घराविषयीचा सर्वांत कठोर नकार महानुभाव पंथाने दिला. तेराव्या शतकात चक्रधरांनी आपल्या संन्यस्त अनुयायांना एका जागी न राहण्याचा, भिक्षेवर जगण्याचा आणि झाडाखाली किंवा ओसाड देवळात विसावण्याचा आचार सांगितला. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात या भटकंतीचे तपशील जागोजागी आहेत. जागेची ओढ लागली की जागा माणसाला धरून ठेवते, हे त्यामागचे निरीक्षण आहे आणि ते खोटे नाही. सजवलेल्या घराचे तर आणखीच आहे. भिंत जितकी देखणी, तितके तिच्यावर पडणाऱ्या डागाचे दुःख मोठे. लहान मुलाने कोळशाने रेघ ओढली म्हणून घरात रडारड होते, तेव्हा मालक कोण आणि मालमत्ता कोण, हे विचारायची वेळ आलेली असते.

गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांत अनिकेत असणे हे एक लक्षण आहे. शब्दशः घेतले तर तो बेघर. ज्ञानेश्वरांनी १२९० साली पूर्ण झालेल्या आपल्या टीकेत या लक्षणाला वेगळे वळण दिले. त्यांच्या विवरणात असा भक्त छप्पर गमावलेला राहत नाही. त्याचे घर साऱ्या विश्वाएवढे होते. मराठी गृहस्थासाठी या वळणाचे महत्त्व फार मोठे आहे. त्याने घर सोडावे अशी अट उरत नाही. सोडायची ती घराभोवतीची ‘माझे’पणाची कड. मग सजावटीचा प्रश्नही बदलतो. भिंत सुंदर करावी का, यापेक्षा ती ज्या पद्धतीने सुंदर होते तिच्यामुळे ही कड घट्ट होते की सैल, हे पाहावे लागते.

मातीच्या घराची पद्धत ही कड सैल ठेवते, असे म्हणायला सबळ कारणे आहेत. पहिले म्हणजे काम कधी पुरे होत नाही. सारवण काही दिवसांत धुरकटते, छुई एका पावसाळ्यात उतरते, सकाळची रांगोळी दुपारपर्यंत पावलांनी विस्कटते आणि तिच्यावर कोणी रागावत नाही. सुंदर वस्तू नाहीशी होणार हे हाताला आधीच ठाऊक असते, तरी रेघ सरळच काढली जाते. फळाचा हट्ट न धरता कर्म नीट करावे, हा उपदेश पोथीतून समजायला अवघड जातो. रांगोळीच्या ठिपक्यांत तो रोजच्या सवयीचा होतो. दुसरे म्हणजे या सामग्रीवर मालकी सांगता येत नाही. माती शेताची, शेण गोठ्याचे, तणस धानाची. भिंत पडली तर ती पुन्हा मातीतच मिसळते आणि त्याच ढिगाऱ्यातून पुढची भिंत उभी राहते.

धर्मशास्त्राने गृहस्थाच्या स्वच्छतेकडेही भाबडेपणाने पाहिलेले नाही. घरात नकळत जीवहत्या होण्याच्या पाच जागा तिथे सांगितल्या आहेत, त्यांना पंचसूना म्हणतात: चूल, जाते किंवा पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. केरसुणी या यादीत असावी हे मोठे सूक्ष्म निरीक्षण आहे. अंगण झाडताना मुंग्यांची रांग मोडते, कोपऱ्यातले जाळे काढताना कोळी बेघर होतो. या दोषाचे परिमार्जन म्हणून रोजचे पंचमहायज्ञ सांगितले आणि त्यांतला भूतयज्ञ म्हणजे लहानसहान जीवांसाठी अन्नाचा वाटा ठेवणे. तांदळाच्या पिठाची रांगोळी मुंग्या खातात, ती याच भावनेच्या जवळची आहे. वास्तुशांतीच्या विधीतही जागेच्या देवतेला बली देऊन तिथे राहण्याची परवानगी मागितली जाते. जमिनीवर कोणीतरी आधीपासून राहत होते, आपण नंतर आलो, हे त्यात मान्य केलेले असते. घर सजवणाऱ्याने पाहुण्यासारखे वागावे, अशी ही अपेक्षा आहे.

बौद्ध परंपरेत झाडणे हीच साधना होते. बुद्धाचा मंदबुद्धी समजला गेलेला शिष्य चुल्लपंथक हाती दिलेला स्वच्छ कपडा चोळत राहिला, तो मळत गेलेला पाहून त्याला अनित्यता उमगली आणि तो अर्हत झाला, अशी कथा पाली वाङ्मयात आहे. विनयात विहार झाडण्याचे पाच लाभ सांगितले आहेत, त्यांत झाडणाऱ्याचे आणि पाहणाऱ्याचे, दोघांचेही चित्त प्रसन्न होणे हे येते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या खेड्याखेड्यांत विहार उभे राहिले आणि ते झाडून-रंगवून ठेवण्याचे काम वस्तीने आपल्या हाती घेतले. तिथे या कामाला आणखी एक अर्थ होता, कारण झाडण्याचे काम ज्यांच्यावर जन्माने लादले गेले होते, त्यांतलेच अनेकजण आता स्वतःच्या इच्छेने आणि स्वतःच्या जागेसाठी झाडत होते.

इथे या विषयाची सर्वांत अवघड बाजू येते. शेण-सारवणाला पावित्र्याची भाषा जोडली गेली आणि त्याच भाषेने माणसे वेगळी केली. ज्या ओट्यावर सडा पडायचा त्याच ओट्यावर कोणी चढायचे नाही, हेही ठरलेले होते. घरातल्या घरात हे काम बायकांच्या वाट्याला आले; ते पुण्याचे म्हटले गेले आणि पुण्याचे म्हणून त्याची गणना कष्टांत झाली नाही. गुडघ्यांवर बसून चार खोल्या सारवणाऱ्या बाईची कंबर कशी दुखते, याची नोंद कोणत्याही व्रतकथेत सापडणार नाही. संत जनाबाईंच्या रचनांत मात्र देवच तिच्यासोबत दळतो, झाडतो, केर भरतो. ही कल्पना गोड म्हणून सोडून देण्यासारखी नाही. घरकाम पवित्र असेल तर ज्याची पूजा होते त्यानेही ते करायला हवे, असा तिचा रोख आहे. मग घरातला पुरुष बाजूला बसून कसा राहतो?

गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हा रोख सगळ्या गावापुढे उभा केला. दिवसा हातात झाडू, रात्री कीर्तन, अशी त्यांची रीत होती. जो माणूस लोकांना देवाविषयी सांगणार, तोच आधी त्यांची गटारे साफ करत असे. त्यांच्याच अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला स्वतंत्र अध्याय दिला आणि घर, अंगण, रस्ता यांची नीटनेटकी मांडणी हा भक्तीचाच भाग मानला. पुढे राज्य सरकारने २०००-०१ मध्ये गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, तेव्हा गावोगावच्या भिंती रंगल्या, दारांपुढे झाडे लागली. या दोघा संतांनी उंबऱ्याची रेघच पुढे सरकवली. आपली भिंत चकचकीत आणि केर शेजाऱ्याच्या दारात, हे त्यांच्या हिशेबी स्वच्छतेत बसत नाही.

वैराग्य आणि सौंदर्य एका छपराखाली राहू शकतात का, याचे उत्तर वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामला बघायला मिळते. गांधीजी १९३६ साली तिथे, म्हणजे तेव्हाच्या शेगावला, राहायला गेले. ज्या झोपडीला आज बापूकुटी म्हणतात, ती त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी माती, बांबू आणि कवेलूंची बांधून घेतलेली. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाच्या या खोलीत सामान मोजके. पण भिंत कोरी नाही. मीराबेन यांनी भिंतीच्याच मातीतून उठावाची ताडाची झाडे आणि चरखा घडवला आहे. वरून काही टांगलेले नाही, बाजारातून काही आणलेले नाही. भिंत आणि चित्र एकाच मातीचे असल्यामुळे ते चोरता येत नाही, विकता येत नाही, दुसरीकडे नेता येत नाही. संग्रह न वाढवता सौंदर्य वाढवता येते, हे तिथे डोळ्यांना दिसते आणि या निबंधाच्या प्रश्नाला याहून नेमके उत्तर मराठी मुलखात दुसरे आढळत नाही.

घरामागच्या बाडीचा विचार याच अंगाने, पण जरा अधिक मोकळेपणाने करता येतो, कारण वनस्पती स्वतःहून वाढते आणि वाटली जाते. न्हाणीचे पाणी दांडाने केळीच्या आणि अळूच्या बुडाशी जाते. दोडका, कारले, वाल मांडवावर चढतात; भोपळ्याचा वेल कवेलूंवर सोडला की जागाही लागत नाही. फुटक्या माठात तुळस, तेलाच्या डब्यात जास्वंद, कडेला झेंडू. बी विकत आणायची वेळ क्वचितच येते, शेजारणीकडून मूठभर मिळते आणि पुढच्या हंगामात तेवढेच तिसऱ्या घरी जाते. देवाला पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावर भागते, असे गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे, आणि या चारही गोष्टी अशा बाडीत पैशाविना असतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी तर आणखी पुढे गेले. आपल्या मळ्यातल्या भाजीपाल्यातच त्यांना विठ्ठल दिसला. पंढरी जवळ असूनही ते मळा सोडून गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, अशी श्रद्धा आहे आणि पांडुरंगाची पालखी अजून अरणला येते. मळा देवाला वाहायच्या फुलांसाठी जपायचा, ही नेहमीची समजूत. सावतोबांच्या विचारात निंदणी-खुरपणीच पूजा ठरते, फुले तोडण्याची वाट पाहावी लागत नाही.

आता गावोगावी घरकुलाच्या पक्क्या भिंती आणि फरशी आली आहे. मातीच्या घरात ओल, साप-विंचू आणि दरवर्षीचे कष्ट ज्यांनी सोसले, त्यांनी सिमेंटचे घर मागणे पूर्ण न्याय्य आहे, त्यावर वैराग्याच्या नावाने कोणी बोट ठेवू नये. फरशी सारवता येत नाही, पण पुसता येते आणि ती पुसायला घरातले कोणीही गुडघे टेकू शकते. छुई सिमेंटच्या गिलाव्यावर नीट धरत नाही, चुना मात्र धरतो. दारावर प्लास्टिकचे तोरण आणि उंबऱ्यावर छापील रांगोळी चिकटवली की काम एकदाच होते. तिथे हरवते ती रोज नव्याने करण्याची आणि रोज पुसू देण्याची सवय. आंब्याची डहाळी आणि झेंडूची माळ सुकते, उतरवावी लागते, बाडीतल्या खड्ड्यात जाते आणि तिथे तिचे खत होते. छापील रांगोळी फाटेपर्यंत तिथेच राहते, तिच्याकडे नंतर कोणाचे लक्षही जात नाही. पक्क्या घरातही अंगणाचा एक हात रुंद पट्टा मातीचा ठेवला, तर सडा, रांगोळी आणि तुळस या तिन्ही गोष्टींना जागा मिळते, आणि त्यासाठी खर्च काहीच येत नाही.