शंका आणि संशय

भाताची झोडणी उरकली की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील मोकळी शेते पोरांच्या ताब्यात जातात. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या घाटापर्यंत गावोगाव कबड्डीचे आणि क्रिकेटचे सामने भरतात. अंतिम सामन्याच्या रात्री अख्खे गाव मैदानाभोवती उभे असते. हरणारा संघ पूर्वी पंचाला दोष देत असे, नाहीतर नशिबाला. अलीकडे आणखी एक वाक्य कानांवर येऊ लागले आहे : ‘ती पोरे काहीतरी घेत असणार. नाहीतर एवढा दम येतो कुठून?’

वाक्य साधे आहे. बोलणारा ते बोलतो आणि घरी जाऊन झोपतो. ज्याच्याविषयी ते बोलले गेले, तो मुलगा मात्र दुसऱ्या दिवशी बाजारातून जाताना लोकांच्या नजरा मोजत असतो. हे बोलणे आपल्या भागाने एकट्याने शोधून काढलेले नाही. जगातील मोठमोठ्या फुटबॉल क्लबांचे चाहते प्रतिस्पर्ध्यांविषयी असेच बोलत आले आहेत. म्हणून हा प्रश्न थोड्या मोठ्या पटावर मांडून पाहणे उचित ठरेल. हाती पुरावा नसताना एखाद्या खेळाडूवर वा संघावर संशय घेण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? आणि पुरावा नाही म्हणून गप्प राहणे तरी योग्य आहे काय?

आपल्या भाषेने या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. मराठीत शंका विचारली जाते आणि संशय घेतला जातो. शंका दुसऱ्याकडे जाते आणि त्याच्या उत्तराची वाट पाहते. संशय घेणाऱ्याच्याच मनात घर करून राहतो. त्याला उत्तर नको असते, दुजोरा हवा असतो.

प्रथम आपल्या जवळची दोन उदाहरणे पाहू. मार्च २०१७ मध्ये भारतीय फुटबॉल संघाचे सराव शिबिर मुंबईत भरले होते. राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेने, म्हणजे ‘नाडा’ने, तेथे खेळाडूंचे नमुने घेतले. गोलरक्षक सुब्रत पाल याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन हे प्रतिबंधित द्रव्य आढळल्याची बातमी एप्रिलमध्ये आली. पाल तेव्हा पुण्याच्या डीएसके शिवाजियन्स या व्यावसायिक क्लबाकडून खेळत होता. आदल्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला होता. आपण कधीही फसवणूक केलेली नाही, असे तो सांगत राहिला. खोकल्याच्या औषधातून ते द्रव्य शरीरात गेले असावे, असे त्याच्या बाजूने सांगण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस तो जमशेदपूर संघाकडून पुन्हा मैदानात उतरला.

दोन वर्षांनी हेच द्रव्य विरारच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात आढळले. विरारहून वांद्र्यापर्यंत लोकलने जाऊन क्रिकेट शिकलेला, पहिल्याच कसोटीत शतक ठोकणारा हा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूर येथील सामन्यांच्या वेळी त्याचा नमुना घेण्यात आला होता. क्रिकेट नियामक मंडळाने त्याला आठ महिन्यांसाठी निलंबित केले. त्याच वेळी मंडळाने हेही मान्य केले की त्याने हे द्रव्य अजाणतेपणी घेतले होते आणि खेळातील लाभासाठी घेतलेले नव्हते.

टर्ब्युटालिन हे आकुंचित झालेली श्वासनलिका मोकळी करणारे औषध आहे. खोकल्याच्या अनेक औषधांत ते असते. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी फडताळात तशी एखादी बाटली असेल. तुम्ही-आम्ही ते घेतले तर तो उपचार ठरतो. खेळाडूने आगाऊ परवानगीशिवाय घेतले तर नियमभंग ठरतो. जागतिक नियम असा आहे की खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी त्याचीच. ते शरीरात कसे आले, हा पुढचा प्रश्न. हा नियम कठोर वाटतो, पण त्याला कारण आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर सुटका होऊ लागली, तर एकही दोषी कधी सापडणार नाही.

येथे तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायला हव्यात. शरीरात द्रव्य सापडले, ही वस्तुस्थिती. नियम मोडला गेला, हा कायद्याचा निर्णय. फसवण्याचा हेतू होता, हा मनुष्याच्या अंतःकरणाविषयीचा निवाडा. पहिली गोष्ट प्रयोगशाळा सांगते, दुसरी समिती ठरवते, आणि तिसरी ठरवताना ती समितीही चाचपडते. मैदानाबाहेर उभा असलेला चाहता मात्र या तिन्ही पायऱ्या एका उडीत ओलांडतो. एवढेच नव्हे, तर पुष्कळदा पहिल्या पायरीवर पाऊलही न ठेवता तो थेट तिसरीवर जाऊन बसतो.

तर मग संशयाला मनात थाराच देऊ नये काय? तसेही म्हणता येत नाही, आणि याची साक्ष इटलीतील एक प्रकरण देते. १९९८ च्या उन्हाळ्यात रोमा संघाचे प्रशिक्षक झ्देनेक झेमान यांनी एका मुलाखतीत इटलीच्या फुटबॉलमधील औषधांच्या वापरावर उघडपणे बोट ठेवले. तूरिनच्या युव्हेंट्स क्लबाकडून खेळलेले जानलुका व्हियाली आणि अलेस्सांद्रो देल पिएरो यांच्या शरीराची झालेली वाढ पाहून आपल्याला नवल वाटते, असेही ते बोलले. मोठा गदारोळ झाला. तूरिनचे सरकारी वकील राफाएले ग्वारिनिएल्लो यांनी चौकशी सुरू केली आणि त्या काळात दोन गोष्टी उजेडात आल्या. रोममधील ज्या प्रयोगशाळेत फुटबॉलपटूंचे नमुने जात, तेथे स्टिरॉइडची तपासणीच नीट होत नव्हती. इटलीच्या ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. आणि युव्हेंट्स क्लबात औषधांचा मोठा साठा मिळाला. त्यात २८१ प्रकारची औषधे असल्याचे सांगण्यात आले. त्यांतील बहुतेक प्रतिबंधित नव्हती. पण धडधाकट तरुणांना एवढी औषधे कशासाठी, हा प्रश्न उरलाच.

खटला उभा राहिला. नोव्हेंबर २००४ मध्ये क्लबाचे डॉक्टर रिकार्दो अग्रिकोला यांना बावीस महिन्यांची शिक्षा सुनावण्यात आली. डिसेंबर २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या निकालात काही उणिवा आढळल्या. परंतु कायद्याची मुदत संपल्याने प्रकरण तेथेच मिटले. एकाही खेळाडूला शिक्षा झाली नाही. आज विरोधी चाहते २००४ चा निकाल सांगतात आणि युव्हेंट्सचे चाहते २००५ चा. देवलांच्या ‘संशयकल्लोळा’त शेवटी सर्व उलगडा होतो, म्हणून आपण हसत घरी येतो. मैदानावरच्या संशयाला पुष्कळदा शेवटचा अंकच नसतो.

या प्रकरणाचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडायला हवा. झेमान यांनी प्रश्न उघडपणे, स्वतःच्या नावाने आणि परिणामांची जबाबदारी घेऊन विचारला. त्यामुळे एक निकामी प्रयोगशाळा जगासमोर आली. ही जमेची बाजू. उलट, ज्या दोन खेळाडूंची नावे ओघात घेतली गेली, त्यांच्यावर कोणताही आरोप सिद्ध झाला नाही; तरीही ती कुजबुज वर्षानुवर्षे त्यांच्या मागे राहिली. व्यवस्थेविषयीची शंका फलदायी ठरली. व्यक्तीवरचा संशय नुसता डाग ठेवून गेला.

हा भेद संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच बारकाईने केला होता. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्ही तो अभ्यासला. संशय कोठून उपजतो, याची त्यांनी तीन उगमस्थाने सांगितली. जो स्वतः वाईट असतो त्याला दुसऱ्यांतही वाईटच दिसते. ज्याच्याविषयी आपल्या मनात राग किंवा मत्सर असतो, त्याच्याविषयीचे वाईट लवकर खरे वाटते. आणि तिसरे, दीर्घ अनुभव. यांतील पहिली दोन स्थाने दूषित आहेत. तिसरे तसे नाही. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सनचे सुवर्णपदक काढून घेतलेले ज्याने पाहिले, २०१२ मध्ये सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे रद्द झालेली ज्याने वाचली, त्याच्या मनात प्रश्न उभा राहिला तर त्याला दोष कसा द्यावा?

अक्वायनस पुढे संशयाच्या पायऱ्याही सांगतात. क्षुल्लक खुणांवरून मनात किंतु येणे हे माणसाच्या दुबळेपणाचे लक्षण आहे. ते पूर्णपणे टाळता येत नाही. त्याच खुणांवरून दुसऱ्याला दुष्ट ठरवून टाकणे हा त्याच्यावरचा अन्याय होय. आठव्या आज्ञेचा विचार करताना आपण खोट्या बोलण्यापाशीच थांबतो. पण घाईने केलेला निवाडाही त्याच आज्ञेखाली येतो. वाईट माणसाला चांगले समजून आपण वारंवार फसलो तरी चालेल, परंतु चांगल्या माणसाला क्वचितही वाईट समजू नये, असा त्यांचा कौल आहे. कारण पहिल्या चुकीत आपले फारसे काही जात नाही. दुसरीत एका निरपराध्याचा अपमान होतो.

मात्र या कौलाला त्यांनीच एक मर्यादा घातली आहे. एखाद्या दुखण्यावर उपाय योजायचा असेल, तेव्हा अधिक वाईट शक्यता गृहीत धरून योजावा; मोठ्या आजाराला पुरे पडणारा उपाय लहानाला पुरे पडतोच. उत्तेजक चाचणीचे नैतिक समर्थन येथे सापडते. चाचणी सर्वांची सारखी होते, म्हणून तिच्यात कोणाचाही अपमान नाही. ती विचारलेली शंका आहे. कट्ट्यावरचा संशय मात्र एकालाच निवडतो, आणि बहुधा त्यालाच, ज्याने आपल्याला हरवलेले असते. आपल्या संघाने सलग दहा सामने जिंकले की ती मेहनत. दुसऱ्याने जिंकले की ‘काहीतरी घेतले असणार’! ज्या संशयाला आपला संघ कधी दिसत नाही, त्याचा उगम अनुभवात नसून मत्सरात आहे, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही.

संशयितांचेही एक कर्तव्य आहे. ऑस्ट्रेलियात फुटबॉल म्हणून जो खेळ खेळला जातो, त्यातील मेलबर्नच्या एसेंडन क्लबाने २०१२ च्या हंगामात खेळाडूंना पूरक औषधांची इंजेक्शने दिली. हे सर्व नियमांत बसते, असे खेळाडूंना सांगितले होते. त्यांनी संमतिपत्रांवर सह्याही केल्या होत्या. पुढे चौकशी आली, तेव्हा कोणाला नेमके काय टोचले याची पुरती नोंदच क्लबाकडे नव्हती. तेथील लवादाने मार्च २०१५ मध्ये चौतीस खेळाडूंना निर्दोष ठरवले. जानेवारी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने त्यांना दोषी ठरवले. ते २०१६ च्या संपूर्ण हंगामास मुकले. कर्णधार जोब वॉटसन याने २०१२ चे सर्वोत्तम खेळाडूचे पदक परत केले. वहीत चार ओळी नीट लिहिलेल्या असत्या, तर दोषी कोण आणि निर्दोष कोण हे निदान कळले असते. जो हिशेब ठेवत नाही, तो संशयाला स्वतःच आवतण देतो.

आता आपल्या अंगणात येऊ. पोलीस भरतीसाठी पहाटेच्या अंधारात डांबरी रस्त्यावर धावणारी मुले-मुली आपण रोज पाहतो. व्यायामशाळांत जाणाऱ्या तरुणांच्या घरी प्रोटीनचे डबे दिसू लागले आहेत. प्रोटीन प्रतिबंधित नाही. पण निकृष्ट डब्यात वेष्टनावर न लिहिलेलेही काही मिसळलेले असू शकते. तेव्हा मुलगा काय घेतो, कोणाच्या सांगण्यावरून घेतो, हे आईवडिलांनी विचारावे. प्रशिक्षकाने लिहून ठेवावे. डॉक्टरकडे गेल्यावर ‘मी स्पर्धेत उतरतो’ असे खेळाडूने आधी सांगावे. ही सगळी विचारलेली शंका आहे. तिने कोणाचे नाव खराब होत नाही.

याउलट कट्ट्यावर घेतलेला संशय काय करतो? एका निर्दोषावर डाग पाडतो, एवढीच त्याची हानी असती तर ती क्षमेने भरून निघण्याचा संभव होता. खरी हानी वेगळी आहे. मोठ्यांचे हे बोलणे मैदानाच्या कडेला बसलेला बारा वर्षांचा मुलगा ऐकत असतो. जिंकणारा प्रत्येक जण काहीतरी घेतोच, हे वाक्य त्याने शंभर वेळा ऐकले की तो त्याचा अर्थ स्वतःपुरता लावतो : न घेणारा जिंकत नाही. आपण ज्याला निषेध समजतो, तो त्याच्या कानांत सल्ला होऊन पोहोचतो. उद्या कोणी त्याच्या हाती गोळी ठेवील, तेव्हा ती घेण्याचे कारण आपणच त्याला आधी पुरवलेले असेल.

म्हणून पुढच्या वेळी ते वाक्य ओठांवर आले, तर स्वतःला एवढेच विचारावे : हे मी ज्याने उत्तर द्यावे त्याला विचारतो आहे, की ज्याला उत्तर ठाऊकच नाही त्याला सांगतो आहे? पहिले असेल तर निर्भयपणे विचारावे, आणि उत्तर समाधानकारक मिळाले तर ते मोकळ्या मनाने स्वीकारावे. दुसरे असेल तर जिंकलेल्या मुलाच्या पाठीवर थाप द्यावी. पहाटेच्या अंधारात तो किती धावला, हे आपल्याला ठाऊक नसते, त्याला असते.