अंमल

मराठी भाषेत ‘अंमल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि ते दोन्ही आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल हे सहसा मनात येत नाही. पेशव्यांचा अंमल, इंग्रजांचा अंमल असे म्हणताना आपल्याला सत्ता अभिप्रेत असते. अफूचा अंमल, भांगेचा अंमल असे म्हणताना धुंदी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ नुसता ‘कृती’ किंवा ‘काम’ असा आहे. परंतु आपल्या दप्तरांतून तो बोलीत उतरला तेव्हा ज्याच्या हाती कारभार तो अंमलदार झाला, आणि ज्याच्या सेवनाने माणसाचा स्वतःचा कारभार त्याच्या हातून जातो तो पदार्थ अंमली ठरला. या दोन अर्थांची गाठ कोठे पडते हे मला कोशातून उमगले नाही. ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर, पांढऱ्या गोळ्यांच्या एका पाकिटापासून शिकावे लागले.

गोळ्या ट्रामाडॉलच्या होत्या. पंधरा दिवसांसाठी म्हणून त्या लिहून दिलेल्या होत्या, आणि त्या पंधरा दिवसांत त्यांनी माझ्यावर केलेला उपकार मी आजही नाकारणार नाही; कारण ज्याला कूससुद्धा दुसऱ्याच्या आधाराने बदलावी लागते त्याला सलग चार तासांची झोप म्हणजे काय असते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. मणका यथाकाल सांधला, गोळ्या मात्र चालूच राहिल्या. एखादे दिवशी एक जरी चुकली तरी संध्याकाळी जांभयांमागून जांभया येत, डोळ्यांना आणि नाकाला पाणी सुटे, अंगावर काटा उभा राही आणि पायांत अशी तळमळ सुरू होई की ते अंथरुणावर ठेववत नसत. आणि हे सारे म्हणजे जुने दुखणेच उलटले आहे अशी माझी अगदी प्रामाणिक समजूत होती. अफूच्या कुळातले औषध नित्य घेतले की शरीर त्याला सरावते, पूर्वीच्या मात्रेने उतार पडेनासा होतो, आणि काहींच्या बाबतीत तर वेदनेची जाणीवच अधिक तीक्ष्ण होत जाते, हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते. चौदा महिन्यांनी मी दिवसाला बारा गोळ्या घेत होतो.

चंदेरी कागदातून गोळी सोडवताना ‘कट्’ असा एक बारीक आवाज होतो. दिवसा तो कोणाच्या कानी पडत नाही. रात्री अडीच वाजता, शेजारी माणूस निजलेले असताना, तो साऱ्या घरात घुमल्यासारखा वाटतो. प्रारंभी मी त्याच वेळी खोकून तो झाकत असे. पुढे दुपारीच गोळ्या सोडवून, त्यांची कागदात पुडी बांधून, ती बंद गळ्याच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवू लागलो. तो कोट मी मुलाच्या लग्नानंतर अंगात घातलेला नव्हता. आयुष्यभर मुलांना तर्कशास्त्र शिकवलेल्या मनुष्याची बुद्धी या एका पुडीच्या व्यवस्थेत खर्ची पडत होती, आणि अंमल या शब्दाचे दोन अर्थ एकच आहेत हे मला कळले ते तेथे. हुकूम कोठून तरी सुटत होता आणि मी त्याची तामील करत होतो.

हा दोष म्हणावा की आपत्ती? मला छळणारा प्रश्न हाच होता, आणि आपल्या पूर्वसूरींनी त्याचा निकाल एका शब्दात गुंतवून ठेवलेला पाहून मी चकित झालो. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’च्या आठव्या अधिकरणाचा विषय ‘व्यसन’ हा आहे. तेथे राजा, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश यांवर कोसळणारी संकटे हीही व्यसनेच, आणि मृगया, द्यूत, मद्यपान ही पुरुषाची व्यसने. दोहोंना शब्द एकच, आणि व्युत्पत्तीही एकच, की जे मनुष्याला त्याच्या श्रेयापासून दूर फेकते ते व्यसन. पूर आला म्हणून आपण गावाला शिव्या देत नाही; परंतु नदीचा बांध वेळेवर बांधला नाही म्हणून कारभाऱ्याला जाब विचारतोच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून गोळी घेणाऱ्याच्या शरीराला तिची सवय लागणे, हे माझ्या मते पुरासारखे आहे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पुडी बांधणे माझे होते. त्याची जबाबदारी मी शरीरावर लोटू शकत नाही, आणि लोटू इच्छितही नाही.

सांख्यदर्शनाचा आरंभच मुळी दुःखाच्या प्रश्नाने होतो. ईश्वरकृष्णाच्या पहिल्या कारिकेत त्रिविध दुःखाच्या आघातामुळे त्याच्या निवारणाची जिज्ञासा उत्पन्न होते असे म्हटले आहे, आणि लगेच एक शंका उपस्थित केली आहे: डोळ्यांसमोर दिसणारे उपाय असताना ही उठाठेव कशाला? वाचस्पतिमिश्रांनी या शंकेचे विवरण करताना वैद्यांच्या औषधांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. उत्तर असे, की दृष्ट उपायाने दुःख निश्चितपणे जाईलच असे नाही, आणि गेले तरी ते पुन्हा उद्भवणार नाही असेही नाही. वर्गात हे वाक्य मी कित्येक वर्षे समजावून सांगितले होते. एक तिसरी शक्यताही असते, की उपायच दुःखाचा उगम होऊन बसावा, तिच्याकडे मात्र माझे लक्ष कधी गेले नव्हते.

म्हणून वेदना मुकाट्याने सोसावी असे कोणी या विवेचनातून काढील तर तो घोर अन्याय होईल. पाव्याच्या मल्लांच्या नव्या सभागृहात प्रवचन चालू असता पाठ दुखू लागली म्हणून भगवान बुद्धांनी पुढचे निरूपण सारिपुत्तावर सोपवले आणि स्वतः आडवे झाले, असे दीघनिकायात नमूद आहे. दुःखाचे सत्य जगाला सांगणाऱ्या त्या महापुरुषाला पाठ टेकण्यात कमीपणा वाटला नाही. आपल्या देशात १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे इतके जिकिरीचे झाले की कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना शेवटचे दिवस तळमळत काढावे लागले, आणि २०१४ साली दुरुस्ती झाली तेव्हा कोठे ती वाट थोडी मोकळी झाली. त्या रुग्णांचा हक्क माझ्यासारख्यांच्या उदाहरणावरून कोणी हिरावून घेऊ नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

खरी अडचण पुढची आहे. आपल्या परंपरेत दोन आज्ञा शेजारी शेजारी नांदतात. गीतेचा सहावा अध्याय सांगतो की आपला उद्धार आपणच करावा. आणि तीच गीता अखेरीस शरण येण्यास सांगते. मी पहिल्या आज्ञेचा आधार घेऊन चौदा महिने गप्प राहिलो. ‘माझे मी बघून घेईन’ हे वाक्य मला पौरुषाचे वाटत होते. तीनदा मी गोळ्या एकाएकी बंद केल्या आणि तीनदा दुसऱ्या रात्रीच्या आत कोटाकडे गेलो. तिकडे अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी १९३५ साली दोन मद्यासक्तांनी आरंभलेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या चळवळीची पहिली पायरी याच्या अगदी उलट आहे: येथे आपले काही चालत नाही, असे कबूल करणे. ही कबुली मला तेव्हा पराभवाची वाटे. आज मी तिच्याकडे मुखत्यारपत्राच्या दृष्टीने पाहतो. जमिनीचा मालक आजारी पडला, कचेरीत जाणे त्याला अशक्य झाले, तर तो विश्वासातल्या माणसाला मुखत्यार नेमतो. आणि ते पत्र लिहून देण्याचा अधिकार मालकालाच असतो, कुळाला किंवा वेठबिगाराला नसतो. सारा कारभार हातून गेलेला असतानाही ज्याला ‘मला मदत करा’ असे म्हणता येते, त्याचा मालकी हक्क अद्याप शाबूत आहे. उद्धार आपणच करावा या आज्ञेचे पालन तेथून सुरू होते, असे मला वाटते.

हे तत्त्वज्ञान मला माझे मौन सुटले त्या रात्री सुचले नव्हते. पुडी संपली होती म्हणून मी पाकिटातून गोळी सोडवली आणि जुन्या सवयीने खोकलो. अंधारातून पत्नीचा शांत आवाज आला, “अहो, तुम्हाला खोकला नाही, हे मला ठाऊक आहे.” ती एवढेच बोलली आणि उठून बसली. पहाटेपर्यंत मी तिला सगळे सांगितले. कैफियत म्हणून मांडायला गेलो आणि मध्येच सफाई देण्याचे सोडून दिले.

सकाळी ती माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली. “रोज किती?” त्यांनी विचारले. मी “सहा” म्हणालो. ती काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. तेव्हा मी “बारा” म्हणालो. डॉक्टर रागावले नाहीत. एवढ्या मात्रेत झटके येण्याचा धोका असतो, आणि एकदम बंद करणेही धोक्याचे, असे त्यांनी सांगितले, आणि दर पंधरवड्याला थोडी थोडी मात्रा उतरवण्याचा तक्ता करून दिला. गोळ्या पत्नीच्या ताब्यात राहिल्या. तिने वाण्याच्या वहीसारखी एक वही घातली आणि रोजच्या गोळ्या तीत मांडल्या. दोन वेळा मी तिच्यावर ओरडलो. तेही तिने तारखेसह लिहून ठेवले आहे. सहा महिन्यांनी वही बंद झाली. पाठ अजून दुखते, थंडीत अधिक.

आपण एकटेच असे निघालो, ही समजूत या दुखण्यात फार घातक असते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की देशात औषधाच्या दुकानात मिळणारी अफूच्या कुळातली औषधे उपचाराबाहेर घेणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत जवळजवळ एक आहे. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हापासून आपल्या मराठी मुलखात या प्रश्नाकडे माणुसकीने पाहणारे एक दार उघडे आहे. आणि १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्ती साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे. ज्याच्या कपाटात, कोटाच्या खिशात, देवघराच्या मागे अशी एखादी पुडी असेल त्याने ती एका झटक्यात फेकून देऊ नये, घरातल्या एका माणसाला उठवावे, त्याला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि “रोज किती?” असे त्यांनी विचारले तर खरा आकडा सांगावा.