आराखडा परत घेऊन जा

बसा खाली. तुमचा आराखडा मी दोनदा वाचला. प्रकल्पबाधितांची नवी वसाहत व्हायची आहे, तिच्या आरोग्य परिणाम मूल्यांकनाचं नियोजन करा, एवढंच सांगितलं होतं. आणि वेळापत्रकात काय लिहिलंत? आधी बांधकामाचा कार्यादेश, आणि मूल्यांकन रहिवासी राहायला आल्यावर सहा महिन्यांनी! याला मूल्यांकन नाही, पंचनामा म्हणतात. माणसं आजारी पडल्यावर मोजायला तुमची गरज काय? दवाखान्यातलं रजिस्टर ते काम करतंच.

१९९९ च्या गोथेनबर्ग सहमतीपत्रातली अशा मूल्यांकनाची व्याख्या पहिल्या पानावर सुबक अक्षरात उतरवलीत. होऊ शकणारे परिणाम आधी तपासा आणि ते कोणाच्या वाट्याला किती येतात तेही पाहा, असं ती सांगते. पुढच्या सगळ्या पानांत या दोन्ही गोष्टींचा पत्ता नाही.

गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड वर्गात शिकवलं होतं ना? रेल्वे-रस्त्यांसाठी उठवलेल्या कुटुंबांना तिथे सव्वादोनशे चौरस फुटांची पक्की घरं मिळाली. नळ आला, संडास आला, कागदोपत्री सगळं सुधारलं. मग २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा अभ्यास आला. इमारतींची दाटी, खालच्या मजल्यांवरचा अंधार, कोंडलेली हवा आणि क्षयरोग यांचं नातं त्यानं समोर मांडलं. अशा तळमजल्यावरच्या घरात भर दुपारी दिवा लावल्याशिवाय तांदूळ निवडता येत नाहीत. दोन इमारतींमधल्या फटीत वरून कचरा पडतो. दुर्गंधी नको, उंदीर नकोत, म्हणून घरातली बाई खिडकी लावून घेते आणि खोकणाऱ्याच्या श्वासातली हवा त्याच खोलीत फिरत राहते. यात त्या बाईचा दोष काय? दोन इमारतींत इतकं कमी अंतर ठेवायची मुभा नियमांनी दिली होती. म्हणजे तपासायला हवा होता तो नियम, आणि तोही नकाशा मंजूर होण्याआधी.

तुमच्या आराखड्यात हवेतले सूक्ष्म कण मोजायची यंत्रं आहेत, त्यांचं अंदाजपत्रक आहे. इमारतींमधलं अंतर मात्र एकदाही आलेलं नाही. दहावीची त्रिकोणमिती विसरलात? मुंबई साधारण १९ अक्षांशावर. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपास असतो. सारख्या उंचीच्या दोन इमारती ३ मीटर अंतरावर उभ्या केल्यात, तर उत्तरेकडच्या इमारतीच्या दक्षिण भिंतीवर ऊन वरून जेमतेम सव्वातीन मीटर उतरेल. एक मजला! खालच्या सगळ्या मजल्यांना त्या बाजूनं त्या दिवशी थेट ऊन नाही. या हिशेबाला पट्टी, पेन्सिल आणि दहा मिनिटं पुरतात. कागदावरची रेघ सरकवायला खर्च येत नाही. उभी इमारत कोणी सरकवत नाही.

आणि ‘बाधित लोकसंख्या’ म्हणून सगळ्यांना एकाच रकान्यात कोंबलंत. तळमजला कोणाला मिळणार? जिना चढता येत नाही म्हणून म्हाताऱ्यांना आणि अपंगांना, म्हणजे जिथे हवा सर्वांत वाईट, तिथे सर्वांत अशक्त माणसं. ज्याचा क्षयाचा सहा महिन्यांचा औषधोपचार अर्ध्यावर आलाय, त्याला उचलून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं, तर त्याच्या गोळ्या कोणत्या केंद्रावर मिळणार? ट्रक येण्याआधी त्याचं नाव तिथे नोंदवलेलं असेल का? हे तुमच्यापैकी एकालाही सुचू नये, याचा मला खरोखर राग आला.

शिफारशींत सात ठिकाणी ‘जनजागृती करावी’ असं आहे. जनजागृतीनं खिडकीतून ऊन येत नाही! शिफारस म्हणजे कोणत्या अधिकाऱ्यानं, कोणत्या तारखेआधी, नकाशातली नेमकी कोणती गोष्ट बदलायची. लोकांचं म्हणणं शेवटच्या परिशिष्टात ढकललंत. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेतही जनसुनावणी मसुदा अहवालावर होते, अंतिम अहवाल त्यानंतर येतो. तेवढी अक्कल सरकारी कागदानं दाखवली, तुम्ही नाही.

सोमवारी नवा आराखडा हवा. पहिल्या पानावर कोणता निर्णय, कोण घेणार आणि त्याला किती दिवस उरलेत, एवढंच लिहा. सोबत नकाशा आणा, अंतरं मोजलेली. यंत्रांची यादी मला नको.